पेंढ्यातली ताई

झाड ट्रकमध्ये चढलं खरं, पण मावलं नाही. मुळांचा गड्डा ड्रायव्हरच्या पाठीशी आणि शेंडा मागच्या फळीबाहेर चांगला दोन हात लोंबतोय, अशा अवस्थेत तोकुजी मेगुरो बहिणीच्या अंगणात उभे होते, आणि बहीण ओसरीवर बसून चहा पीत होती.

“तोकु, मोजून ये म्हटलं होतं ना तुला?”

“मोजलं होतं, ताई. झाड मोजलं होतं.”

“आणि ट्रक?”

ट्रक मोजायचा राहिला होता. ट्रक शेजारच्या गेन्सुकेंचा, मुळे आणि खताची पोती वाहणारा, एवढासा. त्यात शुरो घालून समुद्रकाठच्या ओनाहामापासून आइझूच्या डोंगरात न्यायचा, हा तोकुजींचा बेत. शुरो म्हणजे थंडीला सहसा दाद न देणारा माड: खोडावर काथ्याचे केस, डोक्यावर पंख्यांसारखी पानं. पण ‘सहसा’ हा शब्द पुस्तकातला आहे. तोकुजींची कामीनुमा वाडी अशा ठिकाणी आहे की तिथे बर्फ दोन मीटर पडला तर लोक “यंदा बरं आहे” म्हणतात.

मग न्यायचाच कशाला? तर ताईसाठी. मित्सुए ताई चौऱ्याहत्तर वर्षांची. यजमान जाऊन चार वर्षं झालेली. त्या वसंतात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि अर्धा दिवस तशीच पडून राहिली. कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून तोकुजी दर रविवारी फोन करून “माझ्याकडे राहायला ये” म्हणत होते आणि ती दर रविवारी “तुमच्या त्या बर्फात? मला काय वेड लागलंय?” म्हणत होती. शेवटी ऑगस्टमध्ये वैतागून म्हणाली, “असं कर. माझा शुरो ने. लग्न होऊन या घरात आले तेव्हा लावलेला. तोही समुद्राकडचा, मीही समुद्राकडची. त्यानं तुझ्याकडे एक हिवाळा काढला, तर मी येते. मेला, तर पुन्हा विषय काढायचा नाही.”

तिला वाटलं, भाऊ गप्प बसेल. शेतकी सोसायटीत अडतीस वर्षं नोकरी करून उपव्यवस्थापक पदावर निवृत्त झालेल्या माणसाच्या अंगात काय काय साठून राहिलेलं असतं, याची तिला कल्पना नव्हती.

ट्रकबाहेर माल लोंबतो म्हणून पोलीस चौकीत अर्ज भरावा लागला. अर्जात ‘मालाचा प्रकार’ असा रकाना होता. तोकुजींनी माडावरचं एक जाडजूड पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि पुस्तक दोनदा वाचलेला माणूस रकाना सरळ भरत नाही. त्यांनी लिहिलं, ‘झाड नव्हे.’

“झाड नव्हे, मग काय आहे?” हवालदारानं विचारलं.

“शास्त्रीय दृष्ट्या माडाच्या खोडात वर्तुळं नसतात. त्यामुळे तो गवताचा लांबचा नातेवाईक ठरतो.”

हवालदार उठून बाहेर आला. त्यानं ट्रकभोवती एक चक्कर मारली, नातेवाइकाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आत जाऊन दोन शब्दांपैकी दुसरा खोडला आणि म्हणाला, “टोकाला लाल कापड बांधा. आणि हळू जा.”

लाल कापड कुठून आणायचं? ताईनं कपाटातून आपल्या साठीची लाल बंडी काढून दिली. साठी झाली की घालतात ती, एकदाच घातलेली. “नाहीतरी मला ती कधीच शोभली नाही,” ती म्हणाली, पण बांधताना गाठ तीनदा तपासली.

अशा रीतीनं लाल बंडी घातलेला शुरो ऑक्टोबरच्या एका दुपारी कामीनुमात शिरला. वाडीतली माणसं मुळ्याच्या शेतात कंबर सरळ करून उभी राहिली. दोघातिघांनी वाकून नमस्कार केला. तोकुजींनी खिडकीतून मान लववून तो स्वीकारला. त्यांना वाटलं, आपल्याला केला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. त्या वर्षी वाडीप्रमुखपद तोकुजींकडे होतं. वाडीत घरं तेवीस, त्यामुळे हा मान तेवीस वर्षांनी एकदा येतो आणि आला की कधी जातो असं होतं. वाडीप्रमुखानं सूचनांची वही घरोघर फिरवायची, बर्फ उपसायच्या पाळ्या लावायच्या, आणि मुख्य म्हणजे पंधरा जानेवारीचा साइ-नो-कामी, म्हणजे वाडीचा पेंढ्याचा देव, उभा करायचा. डोंगरातून एक सरळसोट झाड आणायचं, त्याला नखशिखांत पेंढ्यानं मढवायचं, देवळामागच्या शेतात उभं करायचं. मग घराघरातली नववर्षाची तोरणं, नवस फिटलेले दारुमा बाहुले, मुलांनी शाईनं लिहिलेले कागद त्याला टांगायचे आणि पेटवून द्यायचं. त्या आगीवर भाजलेला मोची, म्हणजे चिकट भाताचा गोळा, खाल्ला की वर्षभर पडसं होत नाही. तोकुजींनी हे काम डोक्याच्या मागच्या खणात ठेवलं होतं. जानेवारीचं जानेवारीत बघू.

तर आता यंदाच्या वाडीप्रमुखानं ट्रक घेऊन थेट समुद्रापर्यंत जाऊन, टोकाला लाल वस्त्र बांधून, एक अपूर्व झाड आणलं, हे वाडीनं डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या लक्षात आलं असेल. तोकुजींच्या लक्षात यायला पुढे अडीच महिने लागले.

शुरो त्यांनी अंगणात, रस्त्याच्या कडेला, घरापासून साडेतीन मीटरवर लावला. पुस्तक म्हणत होतं माड वसंतात हलवावा, पण पुस्तकाला ताई नव्हती. खड्डा खणताना गेन्सुके कुंपणावर हात टेकून उभे. वय एक्याऐंशी, ऐकायला बरं येतं, पण आपल्याला हवं तेवढंच.

“इथे रस्त्याला लावतोयस? देवळामागे नाही?”

“इथे ऊन मिळतं, गेन्सुकेसान.”

“ऊन!” गेन्सुकेंनी कौतुकानं मान हलवली. “तेही खरंच. आणि म्हाताऱ्यांना चालायला नको. तोमे आजी गेली तीन वर्षं गुडघ्यापायी येऊ शकत नाहीत. तू कुणाचा विचार करत नाहीस असं मी उगाच म्हणत होतो.”

असं ते म्हणत होते हे तोकुजींना नव्यानंच कळलं. पण एकंदरीत वाक्य स्तुतीचं होतं, म्हणून त्यांनी घेतलं.

मग पेंढा. आता भातकापणीची यंत्रं पेंढ्याचा जागच्या जागी भुगा करतात. अख्ख्या वाडीत हातानं भात कापणारी घरं उरली दोन. तोकुजींनी दोन्ही घरांचा सगळा पेंढा मागून आणला. घरच्यांनी तो एका शब्दानंही न कुरकुरता दिला, उलट वर दोन भारे घरपोच टाकले. शहरातल्या लोकांना वाटतं खेड्यात माणुसकी उरली नाही, असा एक विचार तोकुजींच्या मनात येऊन गेला आणि त्यांचे डोळे किंचित पाणावले.

गुंडाळायच्या दिवशी अर्धी वाडी सल्ला द्यायला हजर. पानं वर उचलून सुंभानं बांधली, शेंड्यावर पांढरं कापड, कापडावर पेंढ्याची टोपी. “पेंढा आतून कोरडा राहिला पाहिजे हं!” “घट्ट बांधा, वाऱ्यानं सुटला तर सगळं मुसळ केरात!” “दोन थर काय देताय, चार द्या, चार!” सल्ले इतके अचूक होते की तोकुजींना वाटलं, या सगळ्यांनी ते पुस्तक वाचलंय की काय.

एकच सल्ला त्यांना कळला नाही. गेन्सुके हिरव्या बांबूचे तुकडे घेऊन आले आणि म्हणाले, “हे आत घाल. छान वाजतात.”

“वाजायला कशाला हवेत?”

“वाजल्याशिवाय मजा काय?”

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून तोकुजींनी बांबू घातले. आधारालाही होतील म्हणून.

उभं राहिलेलं प्रकरण अडीच मीटर उंच, टोकदार टोपीचं, पोटाशी गुबगुबीत. आल्यागेल्याकडे बघत उभं. बायको हारुयो दार उघडून रोज सकाळी दचकायची. “अहो, मला तर वाटतं कुणी पाव्हणा उभा आहे आणि मी त्याला आत बोलावत नाहीये.”

नोव्हेंबर गेला, डिसेंबर लागला, बर्फ आला. तोकुजी बर्फ उपसायला बाहेर पडले की जाणारे येणारे थांबून म्हणत, “मेगुरोसान, यंदा काय शोभा आहे!” “इतक्या आधीपासून तयारी! मागच्या वर्षीचे प्रमुख आदल्या दिवशी धावत होते.” अडतीस वर्षांत सोसायटीत कुणी त्यांना एवढं बोललं नव्हतं. निवृत्तीच्या वेळी घड्याळ दिलं, तेही रोज मिनिटभर मागे पडणारं. तोकुजी घरात येऊन बुटांचा बर्फ झटकत हारुयोला सांगत, “लोकांना झाडांची कदर आहे.”

“कसली कदर? मागच्या वर्षी तुमचा पर्सिमन कुणी बघितला नाही.”

“पर्सिमन सामान्य झाड आहे.”

रविवारी ताईचा फोन. “माझं झाड कसं आहे?”

“ताई, ते इथलं सगळ्यात लाडकं आहे.”

“मला नको खोटं सांगूस. पान हिरवं आहे का?”

पान कुणी पाहिलं होतं? पान चार थरांच्या आत होतं. तोकुजी म्हणाले, “गाढ झोपलंय.” फोन ठेवल्यावर मात्र त्यांना रात्री उठून पेंढ्यात हात घालून पाहावंसं वाटायचं. हारुयो पांघरुणाचं टोक धरून ठेवायची.

नवं वर्ष उजाडलं. सात जानेवारीला पेंढ्यावर दाराचं एक तोरण लटकलेलं दिसलं. वाऱ्यानं आलं असावं. आठला तीन तोरणं. वारा होता, पण इतका नव्हता. नऊला पेंढ्याच्या पोटात एक लाल दारुमा बाहुला बसवलेला, दोन्ही डोळे रंगवलेला. दहाला कुणीतरी शाईनं ‘उमेद’ असं ठसठशीत लिहिलेला कागद खोचला होता. तोकुजींनी तो दोनदा वाचला आणि भारावून गेले. अकराला एक म्हातारी चक्क टाळी वाजवून, डोळे मिटून, त्याच्यापुढे वाकून गेली. तेव्हा मात्र ते म्हणाले, “हारुयो, हे जरा जास्तच होतंय.”

तेराला अग्निशमन केंद्रातून फोन आला.

“मेगुरोसान? पंधरा तारखेच्या धुराची आगाऊ सूचना मिळाली. ठिकाण म्हणून तुमचं अंगण लिहिलंय. घरापासून अंतर किती?”

“कशाचं अंतर?”

“जाळायच्या वस्तूचं.”

“कुठली वस्तू?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “तुमचा देव.”

फोन कानाशी धरून तोकुजी खिडकीकडे वळले. खिडकीतून तो दिसत होता: पेंढ्याचा, टोपीचा, शेंड्याला पांढरं कापड, अंगाखांद्यावर तोरणं, पोटात बाहुला. अडीच महिने ते ज्याच्याकडे माड म्हणून पाहत होते, त्याच्याकडे त्यांनी पहिल्यांदाच वाडीच्या डोळ्यांनी पाहिलं. चूक निघण्यासारखी एकही जागा नव्हती. इतका सुबक साइ-नो-कामी कामीनुमात पन्नास वर्षांत झाला नसेल.

“अंतर साडेतीन मीटर,” ते क्षीणपणे म्हणाले.

“मग होणार नाही. वीस लागतं. देव हलवा.”

सूचना गेन्सुकेंनी दिली होती. “तू झाडापायी इतका राबतोयस, म्हटलं अर्ज तरी मी टाकावा.”

हारुयोनं ऐकून घेतलं आणि आधी पोट धरून हसली. मग तिला ताई आठवली. “जाऊन सांगा सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता. आधी तोमे आजींना.”

तोमे आजी एक्याण्णव वर्षांच्या. तोकुजी गेले तेव्हा त्या उंबऱ्यावर बसून नवे कोरे बूट घालून बघत होत्या.

“बघ रे, सुनेनं आणले. तीन वर्षांनी देवाला येणार ना मी! रस्त्यावर उभा केलास, तुझं भलं होवो. माझं मेलीचं मन म्हणत होतं, आता काही दिसायचा नाही.”

तोकुजी म्हणाले, “बूट छान आहेत, आजी,” आणि परत आले.

“सांगितलंत?”

“बुटांबद्दल बोलणं झालं.”

चौदा तारीख त्यांनी तापाचं निमित्त करून घोंगडीखाली घालवली. ताप नव्हता. पण अब्रू हा अवयव शरीरात कुठेतरी असणारच आणि तो दुखत होता.

पंधराला दुपारी एकच्या सुमाराला अंगणात गलका झाला. देव हलवायचा आहे ही बातमी अग्निशमनवाल्यांनी गेन्सुकेंना दिली होती, आणि गेन्सुके आपलं करवत-यंत्र घेऊन, मागे बारा माणसं घेऊन आले होते.

“काळजी करू नकोस, तोकुजी! बुंध्यापासून कापतो आणि जसाच्या तसा उचलून शेतात नेतो. पाच मिनिटांचं काम.”

यंत्र सुरू झालं. तोकुजी मोजे घातलेल्या पायांनीच बर्फात धावले आणि त्यांनी पेंढ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. तोरणं खळखळली. बाहुला खाली पडला.

“कापू नका! ही माझी ताई आहे!”

यंत्र थांबलं. बारा माणसं बघत राहिली. कुणीतरी हळूच म्हणालं, “कालपासून ताप होता म्हणे.”

“तोकुजी,” गेन्सुके समजावणीच्या सुरात म्हणाले, “तुझी ताई समुद्राकडे राहते.”

“तेच तर! ती इथे यायला हवी म्हणून…” आणि मग वाडीप्रमुख तोकुजी मेगुरो, निवृत्त उपव्यवस्थापक, यांनी ओल्या मोज्यांत उभं राहून सगळं सांगितलं. न्हाणीघरात पडलेली ताई, अर्धा दिवस, तिची अट, शुरो. आणि साइ-नो-कामी केलेलाच नाही, हेही. डोक्याच्या मागच्या खणातलं सगळं बाहेर आलं. सांगून झाल्यावर त्यांनी मिठी सोडली नाही, कारण सोडून जायचं कुठे हा प्रश्न होता.

मग मागून आवाज आला, “मग देवाचं काय?” तोमे आजी. नव्या बुटांत, सुनेच्या हाताला धरून.

“झाड मिळेल. माझ्या घरामागे एक सुरूचं झाड पडलंय वादळातलं,” कुणी म्हणालं.

“झाडाचं ठीक आहे. पेंढा?”

सगळ्यांच्या नजरा पेंढ्याकडे वळल्या. वाडीतला झाडून सगळा पेंढा ताईच्या अंगावर होता.

तोकुजींनी आकाशाकडे पाहिलं. हवा उणे नऊ अंश. पुस्तकात उणे नऊबद्दल एक पूर्ण प्रकरण होतं. त्यांनी तोमे आजींच्या बुटांकडे पाहिलं. मग खिशातून कात्री काढली आणि सुंभ कापायला त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

चौथा थर निघाला, तिसरा निघाला. दुसऱ्या थराखालून वाफ आली आणि बुरशीचा वास. आतला पेंढा ओलाकच्च, खोडाचे काथे काळपट. गेन्सुकेंनी नाक धरलं. “अरे, उकडत ठेवला होतास की रताळ्यासारखा! आणखी पंधरा दिवस, आणि शेंडा हातात आला असता.”

शेवटचा थर निघाला आणि शुरो उघडा पडला. पानं डोक्यावर बांधलेली, गार पडलेला, न्हाणीघरातून घाईनं बाहेर बोलावलेल्या माणसासारखा. कुणीतरी ट्रकवरची ती लाल बंडी आणून त्याच्या शेंड्याला बांधली. हारुयोच असणार.

पण वाडीला हात चालवायला शिकवावं लागत नाही. ओला पेंढा मधे, कोरडा बाहेर, तासाभरात सुरूचं झाड मढवून शेतात उभं. तोमे आजींना तोकुजींनी बर्फ उपसायच्या पत्र्याच्या गाडीत बसवून स्वतः ओढत नेलं. आजी गाडीतून हुकूम सोडत होत्या, “डावीकडे! खड्डा आहे, आंधळा आहेस का?” आणि खूश होत्या. उजेड असतानाच आग लागली. बांबू फाड्‌फाड् वाजले. गेन्सुकेंनी तोकुजींकडे बघून ‘काय सांगितलं होतं?’ अशी भुवई उडवली.

परत येताना आजींनी गाडी शुरोपाशी थांबवायला लावली. भाजलेल्या मोचीचा एक तुकडा मोडून त्याच्या बुंध्याशी बर्फात खोचला. “खा गं बाई. पडसं नाही होणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरावरचा तीन आठवड्यांचा बर्फ एकदम सुटला. धडाम! खिडक्या हलल्या. तोकुजी बाहेर आले तर शुरो नव्हता. तिथे एक टेकडी होती.

ते फावडं घेऊन धावले. हारुयोनं फावड्याचं दुसरं टोक धरलं. “थांबा. कोबी कुठे ठेवते मी हिवाळ्यात?”

“बर्फाखाली.”

“गाजर?”

“बर्फाखाली.”

“आणि मार्चमध्ये कसे निघतात?”

“गोड,” तोकुजींनी कबूल केलं.

“मग? कोबीला जे कळतं ते तुमच्या पुस्तकाला नाही. ठेवा फावडं.”

रविवारी ताईनं विचारलं, “माझं झाड?”

“पांघरूण घेऊन पडलंय, ताई.” पहिल्यांदाच हे खरं होतं. मग ते म्हणाले, “जगेल की नाही मला ठाऊक नाही.”

“बरं,” ताई म्हणाली. “दर रविवारी हेच सांग. ते गाढ झोपलंय वगैरे नको.”

एप्रिलच्या शेवटी टेकडी गुडघ्याएवढी उरली, तेव्हा ताई गाडीनं आली. बॅग एकच, आणि तीही लहान. तोकुजींनी ती बॅग पाहिली आणि फावडं उचललं. उरलेला बर्फ तिच्यासमोरच काढला. दोन पानं मोडलेली, खोड रस्त्याकडे कललेलं, बंडी फिकट गुलाबी झालेली. सुंभ सोडलं. पानं सावकाश उघडली. मधे नव्या पानाचा हिरवा सुळका होता.

तोकुजींनी तो ओढून बघायला हात पुढे केला. पुस्तकात तसं लिहिलंय. कुजला असेल तर निघून येतो. ताईनं हातावर चापट मारली. “रोज सकाळी माझे केस ओढून बघशील का, जिवंत आहे की नाही ते?”

मग तिनंच दोन बोटांनी, हळूच, ओढून पाहिला. सुळका हलला नाही. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, बोटं न सोडता.

रस्त्यावरून तोमे आजी सुनेबरोबर चालल्या होत्या. त्यांनी आधी शुरोला वाकून नमस्कार केला, “कशी आहेस गं ताई?”, आणि मग मित्सुए ताईकडे वळून विचारलं, “आणि ह्या कोण?”

“ही पण ताईच, आजी.”

“अगबाई, दोन आहेत? बरं झालं,” म्हणून त्या पुढे गेल्या.

ताईनं भावाकडे पाहिलं. “मला कापायला निघाले होते म्हणे?”

“थोडक्यात वाचलीस.”

“खोली कुठली देणार?”

“हीच, अंगणाकडची. तुला झाड दिसेल.”

ताईनं झाडाकडे पाहिलं, मग मान वर करून छपराच्या उताराकडे, मग पुन्हा झाडाकडे.

“मागची दे,” ती म्हणाली. “त्याला जमलं म्हणून मलाही जमेल, असं समजू नकोस. आणि बाकीचं सामान आणायला ट्रक नेशील तेव्हा, तोकु, आधी ट्रक मोज.”